घडी नको, बोळा

४ मार्च
मेहुण्याने आजही एका पॅराशूटची घडी घालण्यात अख्खी सकाळ घालवली. कापड झटकतो, दोऱ्या विंचरतो, बाळाला न्हाऊ घातल्यासारखा ओणवा होतो. बघूनच मळमळलं. माणसाला विमानातून पडायचंय, लग्नाला जायचं नाहीये! मी पॅराशूट क्लबचा सेक्रेटरी. उडी अजून मारलेली नाही. कुणाचं तरी डोकं जमिनीवर हवं. माझी पद्धत : घडी नाही, बोळा. पिशवीत कोंबायचा, खाली स्प्रिंग. दोरी ओढली की बोळा बाहेर. संपलं.

७ मार्च
स्प्रिंग मिळाली. गादीतली, बायकोच्या बाजूची. म्हणते, पाठ खड्ड्यात जाते. विज्ञानाबद्दल या घरात आस्था शून्य.

१२ मार्च
पहिली चाचणी. दोरी विमानाला बांधून बटाट्यांचं पोतं खाली सोडलं. बोळा शेवटपर्यंत बोळाच राहिला. पोतं पायलटच्या मोटारीवर. बटाटे सडके, वास अजून नाकात. शी! दोष बटाट्यांचाच.

१५ मार्च
आज वाळूचं पोतं. पॅराशूट बाहेर आलं, पण दोऱ्यांची वेणी झाली. मेहुणा म्हणाला, भाऊजी, यात माणूस असता तर डब्यात भरून न्यावा लागला असता. तोंडाला कांद्याचा भपका. असल्या तोंडाने शास्त्रावर बोलायचं!

१६ मार्च
ठरलं. रविवारी मी स्वतः उडी मारणार. पोत्यांना अक्कल नसते, खरी अडचण ती. बायकोला सांगितलं. ती जेवली नाही. तिच्या वाटचंही मीच संपवलं.

१९ मार्च, सकाळ
आभाळ स्वच्छ. किळसवाणं स्वच्छ. ढग असते तर उडी रद्द करावी लागली असती. मला काय फरक पडतो म्हणा. पुन्हा पुन्हा संडास. पाणी बाधलं असणार.

१९ मार्च, संध्याकाळ
विमान धावपट्टीवर धावू लागलं. मी पाठ टेकली. स्प्रिंग उसळली. पॅराशूट उघडलं! पूर्ण, झकास, एकही गुंता नाही. विमानाच्या आत. पायलटच्या डोक्यावर, डोळ्यांवर, तोंडात. त्याने चाचपडत ब्रेक दाबले. कुंपण मोडून थांबलो. कापडाखालून तो मला जे म्हणाला ते लिहवत नाही. मेहुण्याने पाय धरून मला बाहेर ओढलं. त्याचे हात थरथरत होते. कामाची सवय नाही, दुसरं काय.

बायको मैदानातून अनवाणी धावत आली. मला घट्ट धरून हमसून हमसून रडली. सोडेचना.

पद्धत फसल्याचं तिला माझ्यापेक्षा जास्त लागलंय.