रुग्णाची काही तक्रार नाही

मिस्टर टिअर्नी,

रुग्णालयाचे तक्रार अधिकारी म्हणून तुम्ही पाठवलेलं उत्तर वाचलं. खुब्याचं हाड मोडलेली माझी आई एकोणीस तास खुर्चीवर बसून राहिली, पण त्यात म्हणे कुणाचीच चूक नाही. कारण नर्सने तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा आई म्हणाली, "मी मजेत आहे बाळ, तू बाकीच्यांकडे बघ." मग कागदावर नोंद झाली: रुग्णाची काही तक्रार नाही.

तुम्ही आयर्लंडचेच ना हो? मेयो परगण्यात जन्म काढलेली ऐंशी वर्षांची बाई दुसरं काय म्हणणार? बाबा गेले त्या दिवशीही ती दारात आलेल्यांना "मजेत आहे" म्हणत चहा देत होती. तुमची आई तरी कधी दुखतंय म्हणते का? खरं सांगा.

आज सकाळी तुमचं उत्तर तिला वाचून दाखवलं. म्हणाली, "जाऊ दे गं, त्या बिचाऱ्यांना किती कामं!"

मी म्हटलं, "उद्या त्याच खुर्चीवर ब्रायडीमावशी बसेल. तीही मजेतच असते."

धाकट्या बहिणीचं नाव ऐकून आईने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "माझा चांगला कोट कुठे ठेवलायस?"

म्हणून नुसतं हे पत्र पाठवून थांबत नाही. सोमवारी आईला घेऊन मीच येते. तिला पुन्हा विचारा, कशा आहात. सकाळपासून ती स्वयंपाकघरात एकच शब्द घोकतेय, "दुखतंय." जन्मात पहिल्यांदा म्हणणार आहे, तेव्हा पेन तयार ठेवा.

अजिबात मजेत नसलेली,
डिम्प्ना हेनेघन