कणी पडल्यावर

कव्हिंग्टन,
८ जानेवारी १९३४

ती. लोनी मावशीस,
हेडविगचा शि. सा. न. वि. वि.

आईला पुरून आलो तेव्हापासून पपांनी अन्न सोडल्यातच जमा आहे. कॉफीत बुडवलेला पाव, तोही निम्मा टाकतात. बोलणं बंद. आईचं नाव निघालं की भिंतीकडे तोंड फिरवतात. डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले की असंच चाललं तर ईस्टर काही दिसायचा नाही. मी एकटी काय करू गं?

काल जीव ओतून गेटा केला, पपांच्या आवडत्या मांस-ओटच्या वड्या. डुकराचा खांदा शिजवला, कांदा, तमालपत्र, ओट, सगळं घातलं. सकाळी वड्या तव्यावर टाकल्या तर त्यांची पेजच झाली. पपांनी ताटलीकडे बघितलंसुद्धा नाही. आई कसा करायची ते ताबडतोब लिही.

आता तुझीच माया उरली आहे, ती आटू देऊ नकोस.
हेडविग

ओल्डनबर्ग,
१२ जानेवारी

चि. हेडविगला मावशीचे पोटभर आशीर्वाद.

पोरी, तू ओटचे पोहे घातलेस ना, न्याहारीच्या डब्यातले? तिशी उलटली तरी तुझं आपलं दुकान एके दुकान. गेट्याला ओटची जाड कणी लागते, आणि ती मांसाच्या रसात तासन्‌तास शिजावी लागते. पळी मधोमध उभी राहिली की उतरव, साच्यात घाल आणि रात्रभर थंडीत ठेव. तव्यावर टाकल्यावर उलथनं घेऊन नाचू नकोस. खालून खरपूस होईपर्यंत हात लावायचा नाही.

माझे गुडघे धड असते तर मीच आले असते. माझी वाल्बुर्गा गेली, आता तिच्या मागोमाग तुझा बाप अलॉयसही गेला तर मला सोसायचं नाही. काय होतं ते कळव.

तुझी
मावशी

कव्हिंग्टन,
२२ जानेवारी

ती. मावशीस शि. सा. न.

कणी आणली. पळी उभी राहिली, वड्याही अखंड निघाल्या. पपांनी एक घास तोंडात धरला आणि रुमालात काढून ठेवला. मावशी, मी हरले गं.

मी त्यांना कशाला म्हणून हात लावू देत नाही. पातेलं चुलीवर असताना ते उठले आणि पळी धरायला आले. मी ती काढून घेतली आणि शाल गुंडाळून त्यांना परत खुर्चीत बसवलं. हात कापतात त्यांचे. कोट अंगावर नुसता लोंबतो. पाद्रीबाबांना शेवटच्या संस्कारासाठी सांगून ठेवू का, एवढंच आता विचारायचं राहिलं आहे.

रागावू नकोस.
हेडविग

ओल्डनबर्ग,
२५ जानेवारी

हेडविग,
आशीर्वाद नंतर.

पळी काढून घेतलीस? अगं, कणी पडली की पळी घरच्या पुरुषाची, आपल्याकडे हे तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं. वाल्बुर्गा मांस शिजवायची आणि अलॉयस ढवळायचा, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यापासून. तू दुकानातून यायचीस तेव्हा वड्या ताटलीत तयार असायच्या, तुला कुठून दिसणार? त्याची बायको गेली, आणि तू त्याला त्याच्याच घरात पाहुणा करून ठेवलंस.

पाद्रीबाबांना राहू दे. पळी त्याच्या हातात दे. हात कापले तर कापू देत.

चिडले आहे, तरी तुझीच
मावशी

कव्हिंग्टन,
२९ जानेवारी

ती. मावशीस शि. सा. न.

शनिवारी कणी टाकली आणि पळी पपांपुढे केली. त्यांनी अंगावरची शाल बाजूला टाकली. मग उठले. ढवळताना दोनदा हात थांबला, धाप लागली. मी जागची हलले नाही, कशी राहिले ते माझं मला माहीत.

मग एकदम कडाडले. वाल्बुर्गानं रस इतका पातळ कधी ठेवला नसता, म्हणाले. ती तुला शिकवायला धडपडायची आणि तुला कधी वेळ नव्हता, म्हणाले. आई गेल्यापासून तिचं नाव त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. ते मला बोलत होते, रडत होते आणि ढवळत होते. मीही तिथेच उभी राहून रडले.

डॉक्टर अजून मान हलवतात. मलाही भरवसा नाही. पण आज सकाळी पपा कडेला करपलंय म्हणाले, आणि रिकामी ताटली माझ्यापुढे केली. तवा चुलीवर आहे, म्हणून इथेच थांबते.

तुझी
हेडविग