सप्तमीपुरते ओसाड गाव

प्रति,
मा. विशेष भूमापन अधिकारी,
नियोजित खाडीकाठ वसाहत प्रकल्प,
ठाणे.

विषय : निवटेपाडा (कोलशेत खाडी) येथे माणसे राहतात, हे मान्य होणेबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस, दि. ४ मे १९९२. २) फेरपाहणीनंतरचे आमचे सहा अर्ज. पोच मिळाली, उत्तर नाही.

महोदय,

मी, खाली सही करणार, निवृत्त प्राथमिक शिक्षक, निवटेपाड्यातील एक्केचाळीस कोळी घरांच्या वतीने सविनय कळवतो की, सदर जागा "ओसाड, मानवी वस्ती नाही" अशी असल्याने ती १ जून रोजी सकाळी दहा वाजता यंत्राने सपाट करून तेथे वसाहत उभारली जाईल, अशी आपली नोटीस मिळाली. ती आमच्या दारांवर चिकटवलेली होती. ओसाड जागेत आपल्या शिपायास एक्केचाळीस दारे कशी सापडली, याचा खुलासा नोटिशीत नाही.

१. आपले भूमापक श्री. गुरुदत्त हे गेल्या वर्षी चैत्र शुद्ध सप्तमीस पाहणीसाठी आले. त्या दिवशी आम्ही कोळी एकविरा आईच्या यात्रेस कार्ल्याला जातो. घरटी एक-दोघे नव्हे, तान्ह्यापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे. मागे राहणे आमच्यात बरे मानत नाहीत. पाड्यात उरली कुलपे, कोंबड्या आणि दोन कुत्रे. त्यांना विचारून श्री. गुरुदत्त यांनी वरील नोंद केली असावी. ही नोंद वाचून दाखवली तेव्हा पाड्यातल्या मंजुळाबाई एवढेच म्हणाल्या, "आमी ओसाड, तर आदल्या दिवशी वाट बघायला आलता तवा त्याला कोलंबी काय भुतानं दिली?"

२. आम्ही हरकत घेतली. कार्यालयाने फेरपाहणी मंजूर केली, याबद्दल आभार. तारीख कळवली तीही यंदाची चैत्र सप्तमीच. बदलून मागितली असता खिडकीवरचे कारकून म्हणाले, "मास्तर, देवी कुठे पळून जाते का?" देवी जात नाही, आम्ही जातो, हे त्यांना पटले नाही. पाड्यात तीन रात्री बैठक झाली. देवीला चुकवावे की साहेबांना, यावर सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. शेवटी हौसाबाई, वय ऐंशीच्या पुढे, म्हणाल्या, "तुमी जावा. मी बसतंय उंबऱ्यावर. आईला सांगा, म्हातारी राखणीला ऱ्हायली." जन्मात त्यांची ही पहिली यात्रा चुकली.

३. श्री. गुरुदत्त आले. हौसाबाईंनी त्यांना सावलीत बसवून तांब्याभर पाणी दिले आणि आपला जन्म याच घरातला असल्याचे सांगितले. अहवालातील नोंद जशीच्या तशी देतो : "एक वृद्ध स्त्री आढळली, बहुधा वाटसरू. पाणीपुरवठा उपलब्ध. जागा वसाहतीस योग्य."

४. मी एकतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवलेले आहे. कारखाने एका जागी आले की औद्योगिक वसाहत, हे भूगोलात. मुंग्यांची वसाहत विज्ञानात. आणि दूरच्या मुलखातून यायचे, तिथे आधी कोणी नव्हतेच असे लिहून घ्यायचे आणि मग राहायला लागायचे, ही इतिहासातली वसाहत. ती संपली, असे मी मुलांना सांगत आलेलो. आपल्या नोटिशीत जे अजून यायचे आहेत त्यांना "वसाहत" म्हटले आहे आणि जे आहेत त्यांना काहीच नाही. हा कोणत्या इयत्तेतला अर्थ, असे मी खिडकीवर विचारले. कारकून म्हणाले, "अहो, वसाहत म्हणजे कॉलनी." कॉलनी म्हणजे काय, तर "सोसायटीसारखं. तुम्ही उगाच शब्दात अडकता." महोदय, मी शब्दात अडकलेलो नाही. माझे घर अडकले आहे.

५. पाहणीची आपली पद्धत नीट समजावी म्हणून आम्ही ती स्वतः करून पाहिली. रविवार दि. १७ मे रोजी मी, राघो नाखवा आणि मंजुळाबाई असे तिघे माजिवड्यास आपल्या कर्मचारी वसाहतीत गेलो. मे महिना असल्याने मंडळी गावी गेलेली. इमारत क्र. ३ मधील चोवीसही बिऱ्हाडे कुलूपबंद. आपलेही. गच्चीवर एक वृद्ध गृहस्थ कुरडया राखत बसलेले आढळले. त्यांनी आम्हास सावलीत बसवून पाणी दिले. आपल्याच नमुन्यात नोंद केली : "इमारत ओसाड. एक वृद्ध पुरुष, बहुधा वाटसरू. पाणीपुरवठा उपलब्ध. गच्ची बोंबील वाळवण्यास योग्य." गृहस्थ म्हणाले, "अहो, वाटसरू काय? भूमापन अधिकारी माझा मुलगा. मी सहा वर्षं इथेच राहतो." नमुन्यात त्यासाठी रकाना नसल्याने नोंद घेता आली नाही. क्षमस्व.

६. त्यांनी कारण विचारले, आम्ही नोटीस दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. मग मंजुळाबाईंना विचारले, "ती पाणी देणारी बाई अजून आहे का?" आहे म्हटल्यावर बराच वेळ कुरडया उलथत बसले.

७. विनंती एकच. १ जूनपूर्वी कोणत्याही दिवशी आपण स्वतः पाड्यात यावे. होड्या वर ओढल्या आहेत, जाळी घरात आहेत, यात्रा झाली आहे. सगळे घरी भेटतील. ते शक्य नसल्यास कळवावे लागते की, १ जून रोजी सकाळी दहा वाजता हौसाबाई उंबऱ्यावर बसणार आहेत. आम्ही समजूत घातली, ऐकत नाहीत. त्यांच्या शेजारी आपले वडील बसणार आहेत. त्यांचीही समजूत घातली. तरी दोघांपैकी वाटसरू कोण, याची आपण समक्ष खात्री करून मगच यंत्र पुढे घेण्याचा हुकूम व्हावा.

आपला, अद्याप येथेच राहणारा,

शिवराम दामाजी तांडेल
निवटेपाडा, कोलशेत
दि. २५ मे १९९२

सोबत :
१) एक्केचाळीस घरांच्या सह्या व अंगठे.
२) कर्मचारी वसाहत, इमारत क्र. ३, पाहणी अहवाल.
३) आपल्या वडिलांचे आपणास पत्र. पाकीट बंद आहे, आम्ही उघडलेले नाही.