'बहुधा' गाळले त्याबद्दल

सोम., ८ फेब्रु. १९६५
शाळेच्या हॉलमध्ये व्याख्यान: अणुवीज आणि समाज, गावाजवळ होणाऱ्या वीजघरानिमित्त. मुंबईचे शास्त्रज्ञ, भाषण इंग्रजीत. शास्त्र मी शिकवते म्हणून हेडसरांनी भाषांतराला मलाच उभे केले. पडद्यावरची चित्रे सुरेख. शेवटी माझी घरमालकीण मानकीबाई उठली. "वीजघराचा ऊन पानी दर्यात सोडनार. मंग मासली ऱ्हाईल का जाईल?" पाहुणे बराच वेळ बोलले. मी सांगितले, "काळजीचं कारण नाही." टाळ्या.

गुरु., ११
पाहुण्यांचे उत्तर वहीत टिपले होते, आज वाचले. किनाऱ्याजवळ पाणी थोडे कोमट होईल, मासे बहुधा टिकतील, पण मोजल्याशिवाय सांगता येत नाही. 'बहुधा' आणि 'पण' मी गाळले. उशीर झाला होता. टाळ्याही हव्या होत्या, खरे तर.

रवि., १४
मानकीबाईचा मुलगा हरी वीजघराच्या बांधकामावरची नोकरी नाकारून आला. आईनेच सांगितले म्हणे, माझ्या शब्दावर: "बाय बोलली ना, मासली कुठं नाय जात." आता नव्या होडीच्या लाकडासाठी मासवणला गेलाय.

सोम., १५
सांगितले. मानकीबाईला वही वाचून दाखवली. ती बोंबील वाळत घालत होती, हात थांबला नाही.
"म्हंजे त्यांना पन ठाव नाय?"
"अजून नाही."
"मंग त्या दिशी तसा का नाय बोलली?"
शाळा सुटल्यावर बोईसरला बांधकामाच्या कचेरीत जाऊन आले. हरीच्या जागी दुसरा घेतलाय.

सोम., २२
दुसरे व्याख्यान, तेच पाहुणे. मानकीबाई पुढच्या बाकावर. "पानी मोजनार कोन? आमाला सांगनार कोन?" पाहुणे म्हणाले, ते काम दुसऱ्या खात्याचे, मला नक्की माहीत नाही. जसेच्या तसे सांगितले. हेडसर माझ्याकडे बघत होते.
ती बसली नाही. "आमच्या होड्या रोज तितं जातात. कसा मोजायचा ता आमाला शिकवा." हेही सांगितले. पाहुण्यांनी खिशातली वही काढली.
परतताना तिने विचारले, "काय लिवला त्यानी?"
"तुमचं नाव."
"नाव कशाला? मी काय इचारला ता लिवायचा."

मंगळ., २३
आम्ही दोघींनी पाहुण्यांना पत्र लिहिले, तिचे प्रश्न जसेच्या तसे. अक्षर माझे, अंगठा तिचा. टाकण्याआधी तिने हरीकडून दोनदा वाचून घेतले, मी काही गाळले नाही ना म्हणून. हरीने होडीला हात घातलाय. उत्तर आधी येते की होडी आधी तयार होते...