पेडलवरचा पाय

३ फेब्रुवारी, सोमवार

पिकअप वाळूत घुसली. ठमी वाचली. गाडीही वाचली, मेली!

वरच्या खाणीतून फरशा भरून उतरत होती. शेवटच्या वळणावर ब्रेक दाबला तर पेडल खाली खालीच जात राहिलं. म्हणते, "आज्जी, लोण्यात पाय घातल्यासारखं झालं." खाली कुणीतरी बांधकामाला वाळूचा ढीग टाकला होता म्हणून ही आज घरी जेवली. वाळूवाला भांडायला आला. मी म्हटलं, बस इथं आणि मोज, एखादा दाणा कमी भरला तर सांग.

चांगली आडदांड पोरगी, दोघांना पुरून उरेल, तरी घरात ठमीच. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, तापाने गेला. ब्रेकने नाही. लिहून ठेवते, कारण लोक गाडीकडे बघतात आणि तेच धरून चालतात. तेव्हापासून ती गाडी चालवते आणि मी दाराकडे कान लावून भांडी घासते.

४ फेब्रुवारी

आमच्या म्हाताऱ्याने जाहीर केलं, पुढच्या चाकांचे ड्रम ब्रेक काढायचे आणि डिस्क ब्रेक बसवायचे. ड्रम उतारावर तापतात, तापले की धरत नाहीत. हे मला झोपेतही सांगता येईल. लग्न झाल्यापासून ह्या घरात दुसरं काय ऐकलंय?

कोपऱ्यावरचा मिस्त्री आला होता. ह्यांच्याच हाताखाली शिकला, आता स्वतःचं गॅरेज आहे. म्हणाला, "काका, नव्या मॉडेलची एक गाडी भंगारात आलीय. तिचं सामान बसेल हिला. आणतो आणि बसवूनही देतो."

"सामान आण. बसवायला मी मेलोय का?"

मिस्त्री हसला. मी नाही हसले. सकाळीच म्हाताऱ्याने हातात पाना धरून अंगणभर तोच पाना शोधला होता. मी म्हटलं, उजव्या हाताला विचारा. "माहितीय मला!" म्हणून माझ्यावरच खेकसला.

६ फेब्रुवारी

सामान आलं. ताटासारख्या दोन जाड चकत्या, आणि चकतीला चिमटीत धरणारे दोन लोखंडी ठोकळे. त्यांना कॅलिपर म्हणायचं. एक डाव्या चाकाचा, एक उजव्याचा. तोंडावळा अगदी सारखा, आरशात बघावं तसा. म्हाताऱ्याने मांडीवर घेऊन पुसले. एवढ्या मायेने मला कधी चहाचा कप दिला नाही.

७ फेब्रुवारी

बसवले. कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. ठमी उजेडाला बॅटरी धरायला गेली तर तिला आमच्या गेलेल्या मुलाच्या नावाने हाक मारली. ठमी "काय?" म्हणाली आणि बॅटरी धरून उभी राहिली. आमची पोरगी शहाणी आहे. मी आत जाऊन उगाच कपाट आवरलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज हवा काढायची. नळीत हवा राहिली की पेडल मऊ राहतं, म्हणून नवीन तेल भरून हवा हुसकावून लावतात. त्याला दोन माणसं लागतात. एक गाडीखाली, एक पेडलवर. आमच्यात पेडलवर कायम मी. लग्नातल्या साड्या विटल्या, ही नोकरी सुटली नाही.

खालून आवाज येतो, "दाब!" मी दाबते. "धर!" मी धरून ठेवते. तेवढ्यात तो कॅलिपरवरचं निपल, म्हणजे हवा सोडायची बारीक तोटी, सैल करतो, फुर्र करून तेल-हवा निघते, पुन्हा आवळतो. मग "सोड!" तो बोलल्याशिवाय पाय सोडायचा नाही. सोडला तर सगळी हवा परत आत.

दिवसभर हेच. पेडल तसंच. लोणी!

९ फेब्रुवारी

पुन्हा. तेलाची बाटली संपली, दुसरी आणली. मध्येच खालून आवाज यायचा थांबला. मी पाय दाबून बसलेली. वाकून बघितलं तर म्हातारा गाडीच्या पोटाकडे टक लावून पडलेला.

"अहो, सोडू का?"

"काय सोडतेस?"

"पाय!"

"मग सोड की. ओरडतेस कशाला?"

ठमीला वाटतं भंगारातलं सामानच भिकार. वाटू दे.

१० फेब्रुवारी

मिस्त्री आला, पेडल दाबून बघितलं. "काका, हिचा मास्टर सिलेंडर लहान पडतोय. जुना आहे ना, डिस्कला एवढं तेल ढकलणं त्याला झेपत नाही. एकदा चाक काढून बघू का?"

बस्स. म्हाताऱ्याने त्याचं सगळं खानदान काढलं. पाना धरायला मी शिकवलं, नाक पुसायला मी शिकवलं, आणि आता माझं काम तपासतोस? मिस्त्री चपला घालून फाटकापाशी थांबला. हळूच मला म्हणाला, "काकू, काका बरे आहेत ना?"

म्हटलं, तुझ्यापेक्षा बरे आहेत.

खोटं बोलताना माझी जीभ अजून अडखळत नाही. तेवढं एक अंग धड राहिलंय.

११ फेब्रुवारी

पेडल मऊच. गुडघा सुजून नारळाएवढा.

१२ फेब्रुवारी

खाणीचा मुकादम दारात. फरशा पडून आहेत, शनिवारी उचलल्या नाहीत तर दुसरी गाडी लावतो म्हणाला. एकदा दुसरी गाडी लागली की ती कायमची, हे न सांगता कळतं.

ठमी म्हणाली, "येते शनिवारी."

मी म्हटलं, "कशावर? पायाने घासत?"

"गिअरवर उतरवीन, आज्जी. हळू हळू. बाबा नाही का उतरवायचे?"

तिचा बाप रिकामी गाडी उतरवायचा गिअरवर. भरलेली नव्हे. तिलाही माहीत आहे, मलाही माहीत आहे. ताटं वाढली. म्हातारा तेवढा बोलत होता: "उद्या हवा निघेल. उद्या नक्की निघेल." कालही हेच म्हणाला होता. आपण काल म्हणालो हे त्याला आठवत असतं तर निदान लाज तरी वाटली असती.

आशा वगैरे मला कधी परवडली नाही. शनिवारी ती जाणार आणि मी भांडी घासणार.

१३ फेब्रुवारी

गुडघा शेकायला रबरी पिशवीत गरम पाणी भरत होते. पिशवीत हवा राहिली की ती फुगते, गुडघ्यावर ठरत नाही. म्हणून तोंड वर धरून दाबायची, हवा भसकन निघते, पाणी तोंडाशी दिसलं की झाकण लावायचं. पिशवी उलटी धरून दाबली तर? पाणी सांडेल. हवा बसून राहील वरच्या कोपऱ्यात, मजेत.

पिशवी तशीच ठेवली. झाकणही लावलं नाही. लंगडत अंगणात गेले. चाकं म्हाताऱ्याने सकाळीच काढून ठेवली होती. वाकून बघितलं. निपल खालच्या अंगाला. दुसरीकडे गेले. तिथेही खालीच.

डाव्याचा कॅलिपर उजवीकडे आणि उजव्याचा डावीकडे. आम्ही इतके दिवस नुसतं तेल सांडत होतो. हवा वर बसून आमची गंमत बघत होती.

ही चूक नवशिका पोरगा पहिल्या दिवशी करतो. मग आयुष्यात करत नाही, कारण म्हातारा त्याच्या टाळक्यात पाना घालायचा. मिस्त्रीच्याही घातला होता.

ब्रेक सुधारेल हे कळलं. आनंद झाला नाही. गाडीत काय बिघडलंय ते कळलं, त्याच्याबरोबर दुसरंही कळलं, आणि त्याचं सामान कुठल्या भंगारात मिळत नाही.

१४ फेब्रुवारी

दुपारी म्हातारा जेवून आडवा झाला तसं ठमीला अंगणात ओढलं. दाखवलं. तिचं तोंड उघडंच.

"आजोबांनी? आज्जी, आजोबांनी असं..."

"त्यांच्यापुढे बोललीस तर जीभ हासडीन."

दोघींनी मिळून सोडवले. बोल्ट कसले घट्ट! हात अजून तेवढे धड आहेत म्हाताऱ्याचे. ठमीने कॅलिपर उचलून दुसऱ्या बाजूला नेला आणि बघते तर दारात म्हातारा उभा.

मी मनात शिव्या खायची तयारी केली. आला, वाकला, चष्मा सारखा केला. म्हणाला, "निपल वर घे. नेहमी वर. हवा वर चढते, हे कुणी शिकवलं नाही का तुम्हाला? कुठल्या गाढवाने खाली लावलं होतं?"

ठमी माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हटलं, "मिस्त्रीने."

"तरी म्हटलं!" म्हातारा खूश. स्वतः गोणपाट अंथरून खाली शिरला. दाब. धर. सोड. दाब. धर. सोड. आवाज पूर्वीसारखा खणखणीत. थोड्या वेळात पेडल माझ्या पायाखाली दगडासारखं उभं राहिलं. दाबते तर हलत नाही!

म्हातारा बाहेर आला, तेलाने माखलेला. "बघितलंस? काम असं असतं."

बघितलं, बाबा. सगळं बघितलं.

मिस्त्रीचं काय, तो तरुण आहे. एक आळ त्याला जड नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ठमीचा खालून फोन आला. "आज्जी, भरलेली उतरवली. वळणावर दाबला आणि जागच्या जागी उभी! फरशी सरकली नाही." पलीकडे हसत होती की रडत होती कळलं नाही. म्हटलं, फोनवर बोलत गाडी चालवू नकोस, आणि ठेवून दिला.

मग भांड्यांवर नळ तसाच वाहात होता तो बंद केला.

१७ फेब्रुवारी

सकाळी ठमी गाडी घेऊन खाणीवर गेली. अंगणात तेलाचे डाग तेवढे.

हे आतून पाना आणि तेलाची बाटली घेऊन आले. डागांवर गोणपाट अंथरलं, उताणे पडले. वर नुसतं आभाळ. "अगं, बस ना पेडलवर. उशीर होतोय, पोरगी उतरणार आहे."

मी बादली पालथी घालून बसले.

"दाब."

पाय जमिनीवर दाबला.

"धर."

धरला. ऊन त्यांच्या चपलांवरून तोंडापर्यंत आलं. हातातला पाना फिरवत राहिले, "सोड" म्हणाले नाहीत. मी सोडला नाही.