आबांना विचारलेला प्रश्न

मंगळवार, संध्याकाळी सात

दोनदा साबण लावला तरी हातांचा धुराचा वास जात नाही.

दुपारी पिंप्राळ्यात एका घराला आग लागली. घरमालक आबा दाराबाहेर एकटेच उभे होते. बंबावरून उतरता उतरता मी नेहमीसारखं विचारलं, "आत कोणी माणूस आहे का?"

"माणूस कोनी नई शे, भाऊ."

मग काय, बाहेरूनच पाणी मारत राहिलो. घाई कशाला?

आग विझल्यावर आत गेलो, तर खाटेखाली त्यांची कुत्री, चिंगी. एक केससुद्धा जळला नव्हता, नुसत्या धुराने गुदमरलेली. पळत जाऊन जनावरांचा ऑक्सिजन मास्क आणला. गेल्या महिन्यात प्रशिक्षणात तो खेळण्यातल्या कुत्र्याला लावताना आम्ही किती हसलो होतो! चिंगीच्या तोंडावर अगदी नीट बसला. छाती दाबत राहिलो. काही उपयोग झाला नाही.

आबांवरच चिडलो. सांगितलं का नाही?

"तुम्हीन माणूसनं इचारं, भाऊ. कुत्रीसाठे कोना पोऱ्याले आगमा कसं धाडू?"

आमच्याकडे असा मास्क असतो, हे त्यांना कुठून माहीत असणार? मला तर माहीत होतं ना! मास्क नवा आला, लावायलाही शिकलो, प्रश्न मात्र जुनाच विचारला. आणि तो इतका नीट बसला होता तिच्या तोंडावर...

घरी आलो तेव्हा हिने पाणी देत विचारलं, "कोणी गेलं तर नाही ना?"

"नाही, कोणी नाही," म्हणालो.