दारावर न टांगलेला सुरा

प्रिय रिस्तेन,

अक्षर बघून दचकू नकोस, त्याबद्दल शेवटी सांगतो. आधी एक काम कर. हे पत्र वाचून होईपर्यंत कमरेचा नवा सुरा म्यानातून बाहेर काढू नकोस. लाकूड फोडायला नको, हाड फोडायला नको, बर्चची फांदी छाटायलाही नको. चूल विझत आली असेल तर तुझ्या आन्दरसचा सुरा घे. तुझ्या सासूला काय बोलायचं ते बोलू दे.

आता तू म्हणशील, बाबाला झालंय काय? पोरी, मी भ्यालोय. नदीवरचा बर्फ पायाखाली फुटला तेव्हासुद्धा मी इतका भ्यालो नव्हतो. चार दिवस झाले, घशाखाली घास उतरत नाही. आईनं परवा मज्जेचं हाड पुढ्यात ठेवलं, तर तेही मी कुत्र्याला देऊन टाकलं. तुझा बाप मज्जेचं हाड सोडतो म्हणजे काय ते तूच समज.

शरदात तू आलीस ते तणतणतच आलीस. सासू चारचौघांत म्हणाली होती, "लोहाराची लेक, आणि हातात सुरा नवऱ्याचा!" तू उंबऱ्यातूनच ओरडलीस, "बाबा, माझ्या मापाचा सुरा पाहिजे, आणि तिच्या मुलाच्या सुऱ्यापेक्षा बोटभर लांब पाहिजे!" मी पोट धरून हसलो. मग तुझा हात ऐरणीवर ठेवून कोपरापासून मनगटापर्यंत दोरीनं माप घेतलं. लहानपणी त्याच ऐरणीवर बसून तू पाय हलवायचीस. खरं सांगू? त्या दिवशी मला फार बरं वाटलं. लग्न होऊन गेलेल्या लेकीला अजून आपलं काहीतरी लागतं, हे बापाला बरं वाटतंच.

मोडक्या लॉरीच्या कमानपट्ट्याचा तुकडा जपून ठेवला होता, तो काढला. भट्टी पेटवली, लाल करून ठोकला, पुन्हा लाल केला, पुन्हा ठोकला. तीन दिवसांत पातं सरळ आलं. माझे हात अजून शाबूत आहेत, हातांबद्दल माझी काही तक्रार नाही. नंतर बसवायची मूठ बर्चच्या गाठीची केली, दोन्ही टोकांना शिंगाच्या कड्या घातल्या. पातं तापवून तेलात बुडवून पाणी दिलं, ते तडकलं नाही. तिथपर्यंत सगळं नीट होतं.

पुढचं तुला लहानपणापासून पाठ आहे. पाणी दिलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं, म्हणून ते पुन्हा मंद आचेवर धरायचं. त्याच्यावर रंग चढत जातो, आधी वाळल्या गवताचा, मग तपकिरी, मग जांभळा. स्वयंपाकघरातल्या सुरीला गवताचा रंग पुरतो. पण गोठलेल्या लाकडावर घाव घालायचा सुरा जांभळ्यापर्यंत न्यावाच लागतो, नाहीतर थंडीत धारेचा तुकडा उडतो. भट्टीजवळ मी खिडकीवर कातडं टाकून अंधार केला होता, रंग नीट दिसावा म्हणून. जांभळा दिसला तसा मी हात आखडला. मला तो जांभळाच दिसला, रिस्तेन.

नवा सुरा कडक थंडीत रात्रभर दारावर टांगायचा आणि सकाळी तसाच गारठलेला घेऊन रेनडिअरच्या वाळक्या शिंगावर तीन घाव घालायचे, हा आपल्या घरचा रिवाज. माझ्या बापानं त्याशिवाय एकही सुरा उंबऱ्याबाहेर जाऊ दिला नाही. तू न्यायला आलीस तेव्हा मी तुझ्यासमोर तीन घाव घातले. तू हसलीस, शिंगाचा भुगा फुंकलास आणि विचारलंस, "टांगला होता ना?" मी म्हणालो, "मंगळवारी टांगला होता." तू लगेच म्यान कमरेला बांधलंस आणि आईला गिरकी घेऊन दाखवलंस.

गेल्या गुरुवारी उणे अडतीस होतं. दुपारी जेवायच्या वेळेला शेजारचा हान्सा आला, भुवईवर फडकं दाबून धरलेलं, फडकं लालभडक. तुझ्या सुऱ्यातून उरलेल्या पट्टीचा त्याला मी त्याच दिवशी, त्याच भट्टीत एक सुरा करून दिला होता. तो त्यानं टेबलावर टाकला. धारेचा नखाएवढा तुकडा गायब. "काका, बघा तुमची कारागिरी," म्हणाला, "गोठलेल्या बर्चवर दुसराच घाव होता. बोटभर खाली लागलं असतं तर एका डोळ्याचा झालो असतो!" आणि तो गाढव खो खो हसला. मला हसू आलं नाही. आई त्याची जखम धूत होती आणि मला त्या जागी तू दिसत होतीस. तू वाकून घाव घालतेस, तोंड अगदी लाकडाजवळ नेऊन. किती वेळा ओरडलोय त्यावरून.

तो गेल्यावर मी त्याच्या सुऱ्याची मूठ फोडून पातं मोकळं केलं. पात्याच्या मुठीत दडलेल्या भागावर आचेचा रंग तसाच राहतो. आईला म्हटलं, "हा रंग कोणता, सांग बघू." ती म्हणाली, "वाळल्या गवताचा. का हो?" मला तो गडद जांभळा दिसत होता. खिडकीशी नेऊन बघितला, दिव्याखाली धरला, तरी जांभळाच.

दोन हिवाळे झाले, माझ्या डोळ्यांपुढे मळकट पडदा आहे. कपाबाहेर कॉफी ओतली की आई म्हणायची, "डोळे आहेत का खाचा?" मीही तिच्याबरोबर हसायचो. हान्साच्या कुत्र्याला रेनडिअरचं पिल्लू समजून शेवाळ खायला घातलं, तेही हसण्यावारी नेलं. आणि तुझा सुरा मी दारावर टांगलाच नव्हता. भट्टीशेजारचा ऊबदार सुरा शिंगावर मारला, ऊबदार पातं फुटत नाही म्हणून. टांगला असता आणि फुटला असता, तर सगळ्यांना कळलं असतं की इस्सात लोहाराला आता दिसत नाही. भट्टी बंद झाली असती. तेवढ्यासाठी मी माझ्या लेकीशी खोटं बोललो आणि तिला ते पातं घेऊन बर्फात पाठवलं.

म्हणून हे पत्र. अक्षर आईचं आहे, कारण मला आता ओळ दिसत नाही. म्हणजे तिलाही सगळं आत्ताच, सांगता सांगताच कळलंय. ती रागावलेली नाही. मधेच लिहायची थांबली होती, आता पुन्हा लिहितेय. डॉक्टरांकडे जायचं तिनं ठरवून टाकलंय, मी नाही म्हणणार नाही. हान्सा उद्या सकाळी स्नो-स्कूटर घेऊन तुमच्या कळपाकडे निघतोय. वारा पडला तर दोन दिवसांत पोचेल, आणि ह्या दोन दिवसांचं काय करू ते मला कळत नाही. त्याच्याबरोबर माझ्या बापाचा सुरा पाठवतोय. तो मोठा आहे तुझ्या हाताला, पण तो चाळीस हिवाळे दारावर टांगलेला आहे. उत्तर लिहीत बसू नकोस. फक्त मी केलेला सुरा हान्साच्या हाती परत पाठव. तो अख्खा आहे की नाही, ते मी बोट फिरवून बघेन. खालची सही माझी आहे, वाकडी आली असेल.

तुझाच, घाबरलेला,
बाबा